मानाची जागा नसलेलं टेबल

देवळी
१२ जुलै १९९७

चि. मयुरीस कौशल्यामावशीकडून पोटभर आशीर्वाद.

तुझी आई परवा हिंगणघाटहून आली होती. म्हणाली, मयुरी पुण्याला घर सजवायचं शिकते. मी म्हटलं, त्यात शिकायचं काय, दिवाळी आली की घर आपोआप सजतं. ती रागावली. रागाच्या भरात तिनं सांगितलं की तू टेबल-खुर्च्यांची चित्रंसुद्धा काढतेस. तेव्हापासून माझं तुझ्याकडे काम आहे.

फोन केला असता, पण फोन कापडाच्या दुकानात आहे आणि दुकानात दोघे भाऊ बसतात. तुझे काकाजी आणि गजेंद्रभाऊजी सहा वर्षांपासून एकमेकांशी बोलत नाहीत, हे तुला ठाऊकच आहे. गादी एक, गल्ला एक, तोंडं दोन दिशांना. काकाजी गिऱ्हाइकाला म्हणतात, "त्या बाजूवाल्याले म्हना, वरच्या फळीवरच्या चादरी काढ." गिऱ्हाईक भाऊजींना सांगतं. भाऊजी गिऱ्हाइकाला म्हणतात, "चादरी संपल्या म्हना." देवळीच्या लोकांना याची सवय झाली आहे. बाहेरगावची माणसं मात्र घाबरतात आणि काही न घेता निघून जातात.

भांडण कशावरून, तर पाटावरून. अण्णाजी म्हणजे आमचे सासरे जिथं जेवायला बसत, ती भिंतीजवळची जागा. ते गेले, आणि तेरवीच्या दिवशी त्या पाटावर बसायला दोघंही एकदमच निघाले. हे म्हणतात, मी मोठा. भाऊजी म्हणतात, शेवटचं वर्षभर अण्णाजींना मी हातानं भरवलं. खोटं कुणाचंच नाही. मी पाट उचलून माळ्यावर टाकला, पण जागा काही माळ्यावर टाकता येत नाही. तेव्हापासून हे बाराला जेवतात आणि भाऊजी एकला, दोघंही त्याच जागेवर.

आता प्रेरणाचं कारंजाच्या वासुदेवरावांकडे जमत आलं आहे. मुलगा चांगला आहे. प्रेरणा तोंडानं काही म्हणत नाही, पण कारंजाकडची एसटी यायच्या वेळी ती अंगणात कपडे वाळत घालते, आधीच वाळलेले असले तरी. वासुदेवराव म्हणाले, "पोरगी पाह्यली, आता घर पाहाले येतो. घरातले मानसं संग जेवतानी कशे वागतात, ते पाह्यलं का मले समदं समजते." दिवाळीनंतर ते जेवायला येणार. त्यांच्यासमोर एक भाऊ बाराला आणि एक भाऊ एकला जेवला, तर माझ्या पोरीचं लग्न त्या वरणभातातच बुडालं म्हणून समज.

म्हणून मला असं टेबल काढून दे, ज्याला मानाची जागाच नसेल. कुठंही बसलं तरी सारखंच. बाकी रंग वगैरे तुझ्या आवडीचा.

तुझी मावशी
कौशल्या


पुणे
२५ जुलै १९९७

ती. मावशीस मयुरीचा नमस्कार.

तुझं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं. (नावं बदलून.) आमचे सर म्हणाले, यालाच खरा प्रश्न म्हणतात, बाकी तुम्ही सगळे फुलदाण्या करता. सर नेहमी सांगतात की वस्तूचा आकार माणसाचं वागणं बदलतो. सध्या इथं सगळीकडे भूमितीच चालू आहे. त्रिकोणी घड्याळं, षटकोनी आरसे, उशांवर निळे-पिवळे चौकोन. माझ्या मैत्रिणीनं घेतलेल्या त्रिकोणी घड्याळात किती वाजले ते कळत नाही, पण ते भिंतीवर छान दिसतं.

तुझं उत्तर एकदम सोपं आहे. गोल टेबल! वर्तुळाला टोक नसतं, सुरुवात नसते, शेवट नसतो. मानाची जागा असेलच कुठे? तू फक्त हो म्हण, मी लगेच चित्र काढते.

तुझी
मयुरी


देवळी
९ ऑगस्ट १९९७

चि. मयुरीस आशीर्वाद.

तानबा सुताराला लाकूड आणायला सांगायच्या आधी मी गोल टेबलाची तालीम घेतली. जेवायच्या खोलीत खडूनं मोठं वर्तुळ काढलं आणि सांगितलं, फरशी धुवायची आहे, या गोलाच्या कडेनं बसा. हे बाराला आले, गोलाला एक फेरी मारली आणि बरोबर अण्णाजींच्या फोटोखाली जाऊन बसले. भाऊजी एकला आले, त्यांनी उलटी फेरी मारली आणि तिथंच बसले. माझी जाऊ वच्छला म्हणाली, फोटो हलवून पाहू. आम्ही फोटो समोरच्या भिंतीवर लावला. दुसऱ्या दिवशी दोघं समोरच्या भिंतीला जाऊन बसले. मग फोटो काढूनच ठेवला, तर दोघांनी दाराकडे तोंड करून बसायची जागा धरली, कारण अण्णाजी बसल्या जागेवरून दाराकडे पाहत असत म्हणे.

वर्तुळाचा दोष नाही, ते शेवटपर्यंत गोलच राहिलं. पण ते पुण्याच्या माणसांसाठी ठीक आहे.

यंदा दुकानात चादरीही त्रिकोणाच्याच आल्या आहेत, म्हणून त्रिकोणाचा विचार करून पाहिला. पण त्याला तीन टोकं, म्हणजे भांडायला तीन जागा. तू वेगळं काहीतरी सुचव. प्रेरणानं काल ओले कपडे घरात ठेवून वाळलेले बाहेर नेले.

मावशी


पुणे
३० ऑगस्ट १९९७

ती. मावशीस नमस्कार.

षटकोन, अष्टकोन, अंडाकृती, सगळं करून पाहिलं. अखेर सरळ चौरसावर आले. प्रेरणा सासरी गेली की तुम्ही चौघं, चौरसाला चार बाजू, चारही अगदी सारख्या. प्रत्येकाला स्वतःची एक बाजू. सर म्हणतात, चौरसाइतका न्यायी आकार दुसरा नाही.

सोबत चित्र पाठवते आहे. खूप मेहनत घेतली आहे, जपून ठेव. खोलीच्या दारात उभं राहिलं की टेबल डोळ्याला जसं दिसेल, हुबेहूब तसंच रंगवलंय, चार स्टुलांसकट आणि सावलीसकट. पुढच्या बाजूवर लांबी लिहिली आहे, बाकी चित्रावरून कळेलच.

एक विनंती. तानबा मिस्त्रींना बजावून सांग की चित्रातली एक रेघसुद्धा इकडची तिकडे करायची नाही. सर म्हणतात, आपण काढतो एक आणि कारागीर मनानं करतात दुसरंच. आणि टेबल झालं की फोटो पाठव. आपण काढलेली वस्तू कुणाच्या तरी घरात खरोखर वापरली गेली, असं दाखवलं तरच या वर्षी मला पुढे जाता येईल. वर्गात अजून कुणाचीच झालेली नाही.

तुझी मयुरी


देवळी
१८ ऑक्टोबर १९९७

चि. मयुरीस खूप खूप आशीर्वाद.

टेबल झालं. तानबानं अगदी तुझ्या चित्राप्रमाणे केलं, एक रेघ हलवली नाही. मी स्वतः चित्र घेऊन त्याच्याजवळ बसले होते.

आता मुख्य गोष्ट. रविवारी मी दोन्ही भावांना सांगितलं की आज स्वयंपाक एकदाच होईल, गॅस संपत आला आहे. दोघं एकाच वेळी खोलीत आले. टेबलाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तुझे काकाजी पुढं होऊन आधी बसले. वच्छलानं वाढलं. चार घास झाले असतील नसतील, हे उठून उभे राहिले आणि भाऊजींकडे पाहून म्हणाले, "गजेंद्र, तू बस इथं."

सहा वर्षांनी, मयुरी! मध्ये गिऱ्हाईक नाही, काही नाही, सरळ भावाला म्हणाले. आणि भाऊजी काय म्हणाले असतील? "नाई दादा, तो मान तुमचा."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. वच्छला पण आली. दोघी रडलो, पोळी करपली.

फोटो सोबत आहे. मोतीलाल फोटोवाल्याला चारही बाजूंनी काढायला लावले, त्यातला स्वयंपाकघराच्या दारातून काढलेला हा बरा आला. बाकीचे मागू नकोस.

मावशी


पुणे
१० नोव्हेंबर १९९७

ती. मावशीस साष्टांग नमस्कार!

फोटो पाहून मी वसतिगृहाच्या जिन्यातच नाचले. किती नेमकं झालं आहे गं! चारही कोपरे काटकोनात. सरांनी फोटोवर गुण्या ठेवून पाहिला. म्हणाले, देवळीसारख्या ठिकाणी इतका सच्चा चौरस!

मी माझ्या कामाला नाव दिलं 'समान बाजू, समान मान'. त्यात लिहिलं की बाजू सारख्या झाल्यावर भांडायला कारणच उरलं नाही, आणि भावाभावांतलं सहा वर्षांचं मौन एका आकारानं मोडलं. सरांनी "नाई दादा, तो मान तुमचा" हे वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं. एक मुलगी रडली. मी वर्गात पहिली आले आहे, मावशी.

पाहुणे जेवून गेले का? काय झालं ते कळव. साक्षगंध ठरलं तर मी येतेच, मला माझं टेबल पाहायचं आहे.

तुझीच
मयुरी


पुणे
२२ डिसेंबर १९९७

मावशी,

साक्षगंध छान झालं. प्रेरणा सुंदर दिसत होती. वासुदेवराव प्रेमळ आहेत. एवढं लिहून झालं, आता मुद्द्याचं लिहिते.

दोन दिवस तू मला मागच्या खोलीत नेऊन वाढत होतीस, आणि जेवायच्या खोलीत त्रिकोणांची मोठी चादर टाकून त्यावर बुंदीच्या पराती मांडल्या होत्यास, तेव्हाच मला कळायला हवं होतं. निघायच्या दिवशी पहाटे मी चादर काढली.

मावशी, ते चौरस नाही. पुढची बाजू मोठी, मागची तिच्या निम्म्याच्या आसपास, आणि दोन बाजू तिरक्या. मला वाटलं झोप नीट झाली नाही. बाजू बदलून पाहिलं. भिंतीकडून पाहिलं तर आणखीनच वाकडं. फक्त स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं तेव्हा ते चौरस दिसलं, आणि मोतीलालनं फोटो तिथूनच का काढला ते समजलं.

चूक माझी आहे. लांबची वस्तू डोळ्याला लहान दिसते, म्हणून चित्रात मागची बाजू लहान काढायची असते. ती लहान करायची नसते! मिस्त्रींसाठी वरून पाहिल्यासारखा साधा चौकोन काढून मापं लिहायला हवी होती. आम्हाला ते पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. त्या दिवशी मी गैरहजर होते.

तुम्ही सगळे त्यावर जेवता आहात या विचारानं मला जेवण जात नाही. सोबत बरोबर मापांचा कागद पाठवते आहे. तानबा मिस्त्रींना सांगून ते ताबडतोब सरळ करून घे. आणि तू मला का सांगितलं नाहीस?

मयुरी


देवळी
५ जानेवारी १९९८

चि. मयुरीस आशीर्वाद.

जेवत जा. आम्ही सगळे जेवतो.

का सांगितलं नाही, तर तू पहिली आलीस म्हणून. आता पाहिलंच आहेस, तर सगळं सांगते.

तानबानं चित्र पाहून विचारलं होतं, "बाई, हे असंच करू का?" मी म्हटलं, पुण्याहून आलं आहे, एक रेघ हलवायची नाही. तो म्हणाला, "मले वाटलंच, फ्याशन असन." मग त्यानं मन लावून केलं. चित्रात पुढचं स्टूल मोठं होतं, ते त्यानं मोठं केलं. मागचं लहान होतं, ते लहान केलं. त्यावर मी बसते, गुडघे कानाशी येतात. टेबलाचे पुढचे पायही लांब होते आणि मागचे आखूड, तेही त्यानं तसेच केले. सावली तेवढी राहिली, तिचं काय करायचं ते त्यानं मला विचारलं होतं. मी म्हटलं, राहू दे.

पाय असे, म्हणून टेबलाला उतार आला आणि वाटी माझ्याकडे घसरत येऊ लागली. मी मागच्या पायांखाली विटा लावल्या. वीट जरा जाड निघाली. मग उतार उलटा झाला, मोठ्या बाजूकडे. आणि मोठी बाजू मी मांडली होती अण्णाजींच्या भिंतीला.

आता त्या रविवारचं खरं काय ते ऐक. तुझे काकाजी खोलीत शिरले आणि मोठी बाजू, मोठं स्टूल, भिंतीची जागा पाहून तडक तिथं बसले. वच्छलानं पातळ वरण वाढलं. वरण ताटातून निघालं आणि धोतरावर गेलं. यांनी ताट पुढं सरकवलं, ते परत आलं. तेव्हा हे उठून म्हणाले, "गजेंद्र, तू बस इथं." आणि भाऊजींनी वरण कुठं चाललंय ते पाहिलं होतं. म्हणून ते म्हणाले, "नाई दादा, तो मान तुमचा."

तुझ्या कामात तू काय लिहिलंस ते कळलं. वाईट वाटून घेऊ नकोस, वाक्य तेच आहे.

त्यानंतर दोघं टेबलाजवळ उभे राहिले. हे म्हणाले, "हे काऊन असं वाकडं हाय?" भाऊजी म्हणाले, "पायही वाकडे हायेत दादा, खाली पाहा." मग दोघं खाली वाकले. दुकानातली मीटरपट्टी आणली. एकानं पट्टी धरली, दुसऱ्यानं वीट धरली. त्या दिवशी दुकान उघडायला उशीर झाला. तेव्हापासून रोज जेवायच्या आधी दोघं टेबलाखाली असतात. कधी विटेखाली पुठ्ठा, कधी पायाखाली खापर. टेबल अजून एकदाही सरळ झालेलं नाही. तुझ्याविषयी जे बोलतात ते मी लिहीत नाही, पण त्यावर त्यांचं पूर्ण एकमत आहे.

वासुदेवराव आले तेव्हा त्यांना पाहुण्यांचा मान म्हणून मोठ्या बाजूला बसवलं. वरण गेलंच. ते दचकले. झालं, दोघं भाऊ सांगायला लागले. यांनी पुढचा पाय सांगितला, भाऊजींनी मागचा सांगितला. एकाचं वाक्य दुसरा पुरं करत होता. पाटवड्या वाढून झाल्या, भात झाला, तरी यांचं टेबल चालूच. वासुदेवराव हात धुताना मला म्हणाले, "बाई, असे भाऊ म्या पाह्यले नाईत. पोरगी आमची झाली."

म्हणून सांगते, तुझा सरळ मापांचा कागद मी पिठाच्या डब्याखाली ठेवला आहे. टेबल सरळ झालं तर हे दोघं मुकाट्यानं जेवतील, आणि मुकाट्यानं जेवलेलं मी सहा वर्षं पाहिलं आहे. मला पुन्हा पाहायचं नाही.

भिंतीच्या जागेवर रोज एकदा आग्रह होतो. हे म्हणतात, "तू बस." भाऊजी म्हणतात, "नाई दादा, तो मान तुमचा." मग दोघं तिरक्या बाजूंना बसतात, आणि वच्छला ताट हातात धरून मोठ्या बाजूला बसते. ती म्हणते, स्टूल ऐसपैस आहे.

मावशी


नागपूर
१४ सप्टेंबर २००६

ती. गजेंद्रकाकांस मयुरीचा नमस्कार.

काकाजी गेल्याचं कळलं तेव्हा मी प्रदर्शनासाठी दिल्लीत होते, तेरवीलाही पोचू शकले नाही. याचं फार वाईट वाटतं. मावशीला फोन केला होता, पण ती दोन शब्दांपलीकडे बोलली नाही. म्हणून तुम्हाला लिहिते.

काकाजी मला लग्नाकार्यात भेटले की सगळ्यांसमोर म्हणायचे, "हे आमची इंजिनेर, हिनं आमचं वरण वाहावलं." मला तेव्हा राग यायचा. आता तसं म्हणणारं कुणी नाही.

काका, आता माझा स्वतःचा कारखाना आहे. चौकोनी ताटल्या, षटकोनी फळ्या, त्रिकोणी दिवे करतो, लोक कौतुकानं नेतात. पण माझं पहिलंच काम चुकलेलं आहे आणि ते तुमच्या घरात आहे, हे मनातून जात नाही. काकाजींच्या आठवणीसाठी मला तुम्हाला एक खरंखुरं चौरस टेबल करून द्यायचं आहे. सागाचं, पक्क्या काटकोनांचं. माणसं पाठवते, ती जुनं घेऊन जातील. नाही म्हणू नका.

तुमची
मयुरी


देवळी
२ ऑक्टोबर २००६

चि. मयुरीस गजेंद्रकाकाचे आशीर्वाद.

तुझं पत्र वहिनींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, भाऊजी, तुम्हीच लिहा.

दादा जायच्या दोन दिवस आधीपर्यंत आम्ही टेबलाखाली होतो. मागच्या डाव्या पायाखाली एक पत्र्याचा तुकडा बसवला होता आणि दादांचं म्हणणं होतं की आता साधलं. मी म्हणत होतो, अजून थोडं आहे. ते ठरायचं राहिलं.

अण्णाजींची जागा आता माझी आहे. हक्क सांगायला दुसरं कुणी उरलं नाही. इतकी वर्षं मनात होतं, एकदा तरी तिथं निवांत बसून जेवावं. तेरवी झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही बसा तिथं." मी बसलो. वच्छलानं वरण वाढलं. डाव्या हाताला दादांचं स्टूल होतं. ते कुणी हलवलं नव्हतं.

वरण ताटातून निघालं आणि पँटवर आलं. पत्र्यानं काही साधलं नव्हतं. मी तसाच उठलो आणि त्या स्टुलाकडे पाहून म्हणालो, "दादा, तो मान तुमचा."

माणसं पाठवू नकोस.

गजेंद्रकाका